योगाभ्यासाचा लोड : सात महिन्यांचा अनुभव आणि एका खळग्याची कैफियत

जानेवारीत २,३५० रुपये मोजून मागवलेला लोड (आसने करताना अंगाखाली आधाराला घ्यायची लांबट, भरीव उशी) जुलैपर्यंत मधोमध बसला, आणि मानेवरचा जो ताण उतरवण्यासाठी तो घेतला होता, तोच विक्रेत्याशी झालेल्या पत्रव्यवहाराने पुन्हा चढवला. लांबी, रुंदी, खोळीचे रंग वगैरे माहिती सर्वांना ठाऊक असेलच. म्हणून ती सोडून थेट वापराविषयी लिहिते.

मी कोल्हापुरात एका करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. मार्चअखेरीस खांदे कानांना टेकलेले असतात आणि ते टेकले आहेत याचा पत्ताही नसतो. सूर्यनमस्कारांचा उत्साह दोनदा ओसरल्यावर मी रात्री वीस मिनिटांच्या सौम्य आसनांवर आले. विपरीत करणीत पाय भिंतीला लावून कमरेखाली लोड घ्यायचा, आणि त्यानंतर सुप्त बद्धकोनासन. त्यासाठी लोड कण्याच्या रेषेत ठेवून त्याच्या टोकाला कंबर भिडवून बसायचे, तळपाय जुळवून गुडघे बाजूंना सोडायचे, मांड्यांखाली उशा सरकवायच्या आणि पाठ हळूहळू मागे टेकवायची. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास थोडा लांबवायचा. याहून अधिक काहीही करायचे नसते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला जीभ टाळूवरून सुटून खाली येते, आणि दिवसभर आपण ती वर दाबून धरली होती हे तेव्हा कुठे कळते. दातांवर दात होते, पोट आत ओढलेले होते, हेही पाठोपाठ लक्षात येते. स्वतःची भेट होणे म्हणतात ते माझ्यापुरते एवढेच आहे, आणि मला ते पुरेसे वाटते.

पहिले तीन महिने मी या लोडाची इतकी स्तुती केली की नणंदेनेही तोच मागवला. (त्याबद्दल तिची क्षमा मागून झाली आहे.) एप्रिलमध्ये हनुवटी वर उचलली जाऊ लागली आणि मानेला रग लागू लागली. मला वाटले, आसन चुकते आहे. मग शिवणाच्या टेपने लोडाची मधली उंची मोजली, तर नवा असताना २० सेंटीमीटर भरलेला लोड १६ वर आला होता. त्यानंतर दर रविवारी मोजून दिनदर्शिकेवर आकडा लिहू लागले; जुलैत १३ झाले. घरच्यांच्या मते हा छंद योगाभ्यासाच्या मुळावर आला होता, आणि ते अगदीच खोटे नव्हते. विक्रेत्याने मात्र ‘भरावाचे नैसर्गिक स्थिरावणे’ असे उत्तर धाडले आणि तपासणीसाठी लोड माझ्या खर्चाने परत पाठवण्यास सांगितले.

एका लोडासाठी एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ अशी केली आहे. माझ्या लोडात सुख होते, स्थिरता नव्हती. ज्यांच्यामुळे लोड, पट्टे, विटा आणि खुर्च्या या अभ्यासात रुळल्या, ते बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मारक योगसंस्थेत ही साधने अभ्यासाचाच भाग मानली जातात. शरीराला खरा आधार मिळाल्याशिवाय स्नायू पकड सोडत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण. खाली खळगा असेल, तर पाठ स्वतःला सावरत राहते आणि सैल पडण्याचे नुसते नाटक होते.

इथवरचा मजकूर लिहून मी एकच तारा देणार होते. पण त्याच आठवड्यात लोड घेऊन गल्लीच्या टोकाच्या गादीवाल्या मामांकडे गेले. त्यांनी शिवण उसवली, आत हात घातला आणि म्हणाले, “वहिनी, ह्यात कापूस कुठं हाय? ही तर बाहुलीत भरत्यात ती फायबर.” खोळीवर मात्र ‘शुद्ध कापूस’ असे झोकदार अक्षरांत छापलेले होते. मामांनी पिंजलेला साडेतीन किलो कापूस काठीने ठासून भरला आणि दाभणाने तोंड शिवले. मजुरी धरून ७५० रुपये झाले. त्या दोन दिवसांत मी दोन सतरंज्यांची घट्ट गुंडाळी करून वर चादर पसरली आणि तेवढ्यावर आसने केली. लाजेने सांगते, ती गुंडाळी मूळ लोडापेक्षा सरस ठरली. तेव्हा नव्याने आरंभ करणाऱ्यांनी आधी कपाट उघडावे, दुकान नंतर.

आता लोड जड आणि टणक झाला आहे, छाती पुन्हा उघडते, मान सुटते. खोळ मात्र उत्तम निघाली. सात महिन्यांत तिचा रंग गेला नाही की शिवण फाटली नाही, म्हणून तारे दोन, आणि दोन्ही खोळीला. ‘महिन्यातून एकदा ऊन दाखवा, कापूस फुगून येईल,’ असे मामांनी बजावले आहे. पण कोल्हापुरात श्रावणात ऊन कुठून आणावे? गच्चीच्या जिन्यात दुपारी बारानंतर पंधरा मिनिटे उन्हाचा पट्टा येतो, तेव्हा मी लोड तिसऱ्या पायरीवर उभा करते आणि शेजारी छत्री घेऊन बसते.