तारली की बांगडा: कोणत्या महिन्यात कोणता मासा अधिक तेलाचा?

आठवड्यातून एक-दोनदा तेलकट मासा खाण्याचा सल्ला मिळालेल्या माणसाला कोकण-गोव्याच्या बाजारात परवडणारे पर्याय मुख्यतः दोनच असतात, तारली आणि बांगडा. मात्र नुसत्या नावावर निवड केली तर फसगत होते, कारण दोघांच्याही अंगातील चरबी वर्षभर सारखी राहत नाही.

तारलीत हा चढउतार फार मोठा असतो. पावसाळ्यात समुद्राच्या तळाकडील पोषक द्रव्ये वर येतात, त्यांवर डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढतात आणि अंडी घालून रोडावलेली तारली त्यांवर पोसली जाऊन पुन्हा तेल धरू लागते. साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मोठ्या तारलीतील चरबी वजनाच्या १० टक्क्यांच्या पुढे जाते, तर विणीच्या सुमारास ती ३-४ टक्क्यांवर उतरते. चरबी घटली की तिची जागा पाणी घेते, त्यामुळे तराजूवर काहीच कळत नाही. प्रथिने जवळपास तेवढीच मिळतात, ओमेगा-३ (ज्यासाठी तेलकट मासा खायचा, ती चरबीतील उपयुक्त आम्ले) मात्र बरेच कमी.

बांगड्याचे शिखर इतके उंच नसते. तो प्राणिप्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातो आणि त्याची वीण बरीच लांबते, म्हणून घटही सहसा तारलीइतकी तीव्र नसते. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, दोन्ही मासे सारख्याच भावाने मिळत असतील तर मी बांगडाच घेईन आणि तिरफळ घालून त्याचे तिखले करीन. दिवाळीनंतर मात्र निःशंकपणे तारली.

खात्री पोट फाडल्यावर होते. आतड्यांभोवती पांढरट चरबी दिसली आणि तव्यावर टाकताच मासा स्वतःचे तेल सोडू लागला, तर तो भरात आहे असे समजावे. पोट गाबोळीने गच्च भरले असेल, तर शरीरातील साठा बराचसा अंड्यांकडे गेलेला असतो. गाबोळी टाकून दिली तर तोही हातचा जातो.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बर्फातला मासा घ्यावा लागला, तर तो कोणत्या महिन्यात पकडला हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. हिवाळ्यातील तेलकट तारली साठवणीत लवकर खवट होते, म्हणून ती ताजी घेऊन त्याच दिवशी शिजवणे उत्तम.