इंग्लंड-वेल्समधलं पर्सनल लायसन्स: सेवा चांगली, पण तारखा सांभाळा

दारूविक्रीच्या पर्सनल लायसन्सचा अर्ज हे सरकारी कामांतलं खरोखर सुटसुटीत काम आहे. फी 37 पौंड. आधी मुदत 10 वर्षांची होती. 2015 पासून नूतनीकरणच नाही, एकदा मिळालं की मिळालं. दुकानातल्या प्रत्येक नोकराला ते लागत नाही, पण विक्रीला परवानगी देणारा लायसन्सधारक हवाच, आणि पब असो की दुकान, डीपीएस (त्या जागेतल्या दारूविक्रीची जबाबदारी असलेला माणूस) म्हणून ज्याचं नाव लागतं त्याच्याकडे ते असावंच लागतं.

आधी दारूविक्रीच्या नियमांवरची लेव्हल 2 ची परीक्षा. 40 प्रश्न, एक तास, 28 बरोबर आले की पास. बारकाव्यांत लोक चुकतात. उदाहरणार्थ, 16-17 वर्षांच्या मुलाला टेबलावरच्या जेवणासोबत बिअर, वाइन किंवा सायडर चालते, पण सोबत प्रौढ हवा आणि विकतही त्यानेच घ्यायला हवी. व्हिस्की कोणत्याही परिस्थितीत नाही. 'जेवण' म्हणजे चिप्सचं पाकीट नव्हे.

खरी अडचण डीबीएसची, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी तपासून मिळणाऱ्या दाखल्याची. बेसिक दाखला अर्जाच्या दिवशी एक महिन्याहून जुना चालत नाही. उत्साहाने तोच सर्वात आधी काढला, मग परीक्षा लांबली, की तो वाया जातो आणि पैसे पुन्हा भरावे लागतात. म्हणून परीक्षा पास झाल्यावरच डीबीएस मागवा.

दुसरी चूक फोटोची. फोटो दोन लागतात, आणि त्यातल्या एकावर 'हा याच व्यक्तीचा खरा फोटो आहे' असं वकिलाने, नोटरीने किंवा एखाद्या व्यावसायिक पात्रतेच्या माणसाने लिहून सही करावी लागते. ती सही राहिली तर अर्ज तसाच परत येतो. तिसरी चूक कौन्सिलची: अर्ज राहत्या पत्त्याच्या कौन्सिलकडे जातो, दुकान कुठेही असो. शिवाय 2017 पासून ब्रिटनमध्ये काम करण्याच्या हक्काचा पुरावा जोडावा लागतो.

जुनी शिक्षा असेल तर लपवू नका. कायद्याच्या यादीतली शिक्षा असली, आणि ती अजून 'स्पेंट' (ठरलेली मुदत उलटल्यामुळे कायद्याने जमेस न धरली जाणारी) झालेली नसली, तर अर्ज पोलिसांकडे जातो; हरकत घ्यायला त्यांना 14 दिवस मिळतात.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा: तिथे लायसन्स 10 वर्षांचं, आणि दर 5 वर्षांनी उजळणी प्रशिक्षण सक्तीचं. तिथल्या दुकानासाठी इथला अर्ज भरू नका. आणि लायसन्स हातात आल्यावर घर बदललं, तर ज्या कौन्सिलने ते दिलं तिलाच कळवायचं, त्याचे 10.50 पौंड.