फ्लोट ट्यूबसाठी रॉड-रील: अग्ली स्टिक जीएक्स२ आणि पेन स्पिनफिशर ६

कॅलिफोर्नियात राहून तिथल्या क्रॉली लेक या तलावात फ्लोट ट्यूबमधून (हवा भरलेली, एका माणसाने बसायची तरंगती ट्यूब) ट्राउट मासे पकडणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण रॉड-रीलचे (गळाची काठी आणि दोर गुंडाळायची चकरी) बहुतेक रिव्ह्यू काठावर नाहीतर बोटीत उभं राहून केलेले असतात आणि ट्यूबमधला हिशोबच वेगळा असतो. आपण कमरेपर्यंत पाण्यात, हँडल पाण्यापासून जेमतेम वीतभर वर, दुपारनंतर वारा सुटला की लाटा मांडीवर येतात आणि रील बुडणार म्हणजे बुडणारच. वर मासा लागला की शेवटी तो थेट पायाखाली येतो, आपल्या पायातल्या फिन्सच्या (ट्यूब पुढे ढकलायला घालायच्या पोहण्याच्या पट्ट्या) मधून इकडून तिकडे पळतो आणि रॉडचा शेंडा पार खाली वाकतो. पातळ ग्रॅफाइटचे महागडे रॉड इथेच जातात. माझा एक (कंपनीचं नाव नको) शेंड्यापासून फूटभरावर कट्कन मोडला, दुसऱ्याच्या दोर ओवायच्या रिंगमधली सिरॅमिकची चकती निघाली आणि दोर तासला जायला लागला.

म्हणून आता सात फुटी, मिडियम (मध्यम ताकदीचा), टू पीस (दोन तुकडे जोडून होणारा) जीएक्स२ रॉड. अग्ली स्टिक हा शेक्सपिअर कंपनीचा ब्रँड, १९७६ पासूनचा. ग्रॅफाइट आणि फायबरग्लास एकत्र, आणि शेवटचा अर्धपारदर्शक दिसणारा शेंडा भरीव ग्लासचा, तोच खरा कामाचा. ट्राउट ट्यूबखाली घुसला तरी शेंडा निवांत वाकतो. रिंगा एकसंध स्टेनलेस स्टीलच्या, आत चकती नाही त्यामुळे निघायचा प्रश्नच नाही. हँडल ईव्हीए फोमचं, ओल्या हातातही पकड छान. सात फूटच घ्या, आखूड रॉडने माशाला फिन्सना वळसा घालून फिरवता येत नाही.

वजन आहे, ते मान्य. मासा आमिषाला टोचतो ती बारीक टोचणी ग्रॅफाइटसारखी हातात कळत नाही. पण मॅकगी बेमध्ये (क्रॉलीचीच एक खाडी) आपण बॉबरखाली (दोराला लावलेला तरंगता गोळा) मिज (बारीक किड्यासारखं दिसणारं नकली आमिष) सोडतो, तळापासून फूट-दीड फूट वर, आणि डोळे बॉबरवरच असतात, मग हाताला कळण्याचा फरक तिथे पडतोच किती? (खोली रॉडपेक्षा जास्त असेल तर सरकता बॉबर लावा, नाहीतर मासा जाळ्यापर्यंत आणताच येत नाही.)

रील पेन स्पिनफिशर ६, साइज २५००. बॉडी पूर्ण मेटलची, ड्रॅगला (मासा ओढेल तसा दोर सुटू देणारा ब्रेक) कार्बन फायबरचे वॉशर, आणि सील आयपीएक्स५. आता हे नीट समजून घ्या, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, पाण्यात बुडवून ठेवण्याची चाचणी आयपीएक्स७ ची असते. म्हणजे लाटा आणि क्षणभराची बुडी ठीक, पण मांडीवर ठेवून अर्धा दिवस भिजवायची नाही. ट्राउटसाठी ही रील जडच आहे पण जीएक्स२ पण जड, त्यामुळे तोल जमतो. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही, आणि वाळली की ड्रॅग सैल करून ठेवा.

दोन्ही मिळून साधारण दोनशे डॉलरच्या आसपास जातात. फ्लायवाल्यांना (फ्लाय रॉडने मासे पकडणाऱ्यांना) यातलं काही उपयोगाचं नाही, त्यांनी नऊ फुटी रॉडच बघावा. आणि काहीही घेतलंत तरी रॉडला एक दोरी बांधून ट्यूबच्या कडीला अडकवा, जाळं उचलताना रॉड मांडीवरून घसरतोच.