व्हीओसी मीटर: दिवाळी ते जून, जळगावातला अनुभव

आधी मुद्द्याचं: हे यंत्र व्हीओसी, म्हणजे हवेत सहज उडून मिसळणारी सेंद्रिय रसायनं, एकत्रच पकडतं; त्यातलं बेंझीन (पेट्रोलमध्ये असणारं विषारी रसायन) वेगळं मोजत नाही. दुकानदार 'सगळे विषारी वायू दाखवतं' म्हणून विकतो, पण आत बसलेला सेन्सर म्हणजे तापवलेला धातूच्या ऑक्साइडचा एक बारीक थर. फिनेल, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश, पिकलेली केळी, काहीही समोर आलं की तो सारखाच दचकतो. कोण आलं ते सांगत नाही, कोणीतरी आलं एवढंच.

घर जुन्या हायवेला लागून, पेट्रोलपंपही जवळ, म्हणून घेतलं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं जळगाव आहे, पण चर्चा कायम धुळीची. एक्यूआयच्या, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या सरकारी निर्देशांकाच्या, आठ घटकांत बेंझीन नाहीच. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत मात्र आहे: वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण दीड पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत दीड भाग). एवढं बारीक पकडायला साधारणपणे गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले वायू वेगवेगळे करून मोजणारं उपकरण) लागतो, प्रयोगशाळेतला किंवा हवा तपासणी केंद्रातला. त्यामुळे हायवेकडची खिडकी उघडूनही आकडा हलला नाही, तर रस्त्याची हवा चांगली असा अर्थ काढू नका.

स्क्रीनवरचा आकडा १ ते ५०० असतो. १०० म्हणजे चांगली हवा असं घरात सगळ्यांना वाटायचं. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय की १०० म्हणजे तुमच्याच खोलीची मागच्या २४ तासांची सरासरी. दिवाळीआधी दारांना ऑइलपेंट दिला, तेव्हा हे नीट कळलं. पेंटरने थिनरचा डबा उघडला आणि आकडा चारशेच्या वर. दुसऱ्या दिवशी डोळे तेवढेच चुरचुरत होते, पण यंत्र खाली उतरून हिरवं झालेलं. वासाची त्याला सवय झाली होती! ज्याच्या घरात बारा महिने केमिकलचा वास असेल, त्याला हे रोज 'सगळं ठीक' म्हणेल. माझ्या मते हा सगळ्यात मोठा दोष, आणि जाहिरातीत याचा उल्लेख नाही.

मग उपयोग काय? वेळ कळते. मच्छर अगरबत्ती लावली, ठेच्याच्या मिरच्या भाजल्या, गॅसवर भरताची वांगी ठेवली की कधी चढलं आणि खिडकी उघडल्यावर किती वेळात उतरलं, हे छान दिसतं. (वांगी खरं तर कपाशीच्या काड्यांवर, शेतातच भाजावीत, पण तो वेगळा विषय.) आईने आता फरशी पुसताना फिनेल निम्म्यावर आणलंय. शेजारचे काका अजून विचारतात, "हाई काय शे भो, घड्याळ?"

उन्हाळ्यात वेगळाच ताप. कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि आकडा उगाच उडतो, म्हणून मार्चपासून ते कूलरच्या झोतापासून लांब, कपाटावर ठेवलंय. खिडकीला सिलिकॉन सीलंट लावायचं असेल तर यंत्र दुसऱ्या खोलीत न्या, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा मंद होतो.

स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइडचाही आकडा येतो, तो व्हीओसीवरून लावलेला अंदाज आहे. अगरबत्ती लावली की तोही वाढतो, यावरून काय ते समजा. खरा कार्बन डायऑक्साइड मोजायला एनडीआयआर सेन्सरवालं (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारं) वेगळं यंत्र मिळतं, महाग आहे. बॅटरी नावालाच, चार्जर कायम लावूनच ठेवावा लागतो, आणि लाइट गेली की ती २४ तासांची सरासरी पुन्हा पहिल्यापासून.