चियांग माईतील निवृत्ती-व्हिसा आणि एजंटाची सेवा

थायलंडमध्ये वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्या परदेशी व्यक्तीला निवृत्तीच्या कारणावरून देशात राहण्यासाठी एकेका वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते. ठेवीची रक्कम अर्जापूर्वी दोन महिने खात्यात असावी लागते, मुदतवाढीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही आणि पुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही.

या मुदतवाढीचे सरकारी शुल्क अवघे १,९०० बाट असताना चियांग माईत अर्जाचे काम करून देणाऱ्या एजंटाला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजणे मला प्रथम पटले नव्हते. मात्र अर्जाच्या दिवशी सकाळीच त्याने माझ्या खात्यात शंभर बाट भरायला लावले, कारण पासबुकात त्याच तारखेची नोंद असलेली इमिग्रेशन कार्यालयातील कारकुनाला बरी वाटते, आणि हे शहाणपण कोणत्याही छापील सूचनेत मला आढळले नव्हते.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. देशाबाहेर पडण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घेतला नाही तर मुदतवाढ रद्द होते, हे त्याने सांगितलेच नाही. पुण्याला निघण्याच्या आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी सहज विचारले म्हणून निभावले. दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याचे काम मी आता स्वतःच ऑनलाइन करतो. नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याची सवय असलेल्या पेन्शनराला त्यात अवघड काही नाही.