खाजनातल्या जिवाणूंचं सिक्वेन्सिंग: शॉर्ट रीड घ्यावं की लाँग रीड?

खाजनातली (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतली) माती आणली, मीठ सोसणारे जिवाणू वेगळे केले, डीएनए काढला. आता त्यातल्या बेसचा, म्हणजे ए, सी, जी, टी या अक्षरांचा क्रम (सिक्वेन्सिंग) आखूड तुकडे (शॉर्ट रीड) वाचणाऱ्या इल्युमिनावर वाचून घ्यायचा की लांब तुकडे (लाँग रीड) वाचणाऱ्या नॅनोपोअरवर? गोव्यात ताळगाव पठारावर, दोनापावल्यात किंवा एखाद्या कॉलेजच्या छोट्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा प्रश्न हल्ली हमखास पडतो. कोटेशनं मागवली की भाव दिसतो आणि त्याखाली क्यू३० ची टक्केवारी, म्हणजे किमान क्यू३० गुण मिळवलेले बेस किती टक्के. बहुतेकांचा निर्णय त्या टक्केवारीवर होतो, आणि मला खटकतं ते हेच.

क्यू३० म्हणजे हा बेस चुकीचा असण्याची शक्यता हजारात एक. क्यू२० म्हणजे शंभरात एक. एकेक तुकडा वाचणाऱ्या सँगर पद्धतीच्या काळात, १९९८ साली, फ्रेड नावाच्या प्रोग्रॅमने हे माप रूढ केलं आणि आजही सगळे तेच वापरतात. यंत्राकडून मिळालेली फास्टक्यू फाइल उघडून बघा. प्रत्येक रीडच्या चार ओळी असतात आणि चौथी ओळ नुसत्या चिन्हांची, दर बेसला एक. उद्गारचिन्ह म्हणजे शून्य, पाचाचा आकडा म्हणजे २०, प्रश्नचिन्ह म्हणजे ३०. हे गुण यंत्र आणि त्याचं सॉफ्टवेअर स्वतःच्या वाचनाला स्वतःच देतं. तो अंदाज असतो. प्रत्यक्ष चूक मोजायची तर उत्तर आधीच माहीत असलेला डीएनए सोबत वाचावा लागतो.

इल्युमिनात ही सोय रुळलेली आहे. फाय-एक्स १७४ या विषाणूचा ५,३८६ बेसचा जीनोम सँगरच्या गटाने १९७७ मध्ये वाचला होता. तोच आज कंट्रोल म्हणून नमुन्यांत थोडा मिसळतात. त्याच्यावरून काढलेला चुकीचा दर सेवा देणाऱ्याकडून जरूर मागून घ्या. कारण गुण फसवतात. इल्युमिनाची नेक्स्टसेक आणि नोव्हासेक ही यंत्रं दोन रंगांवर चालतात आणि प्रकाशच आला नाही तर तिथे जी हा बेस आहे असं धरतात. डीएनएचा तुकडा आखूड निघाला आणि पुढे वाचायला काही उरलं नाही, तरी यंत्र ओळीने जी लिहीत जातं, तेही चांगल्या गुणांसकट. क्यू३० ची टक्केवारी छान दिसते आणि रीडची शेपटी निरर्थक असते. एवढं सोडलं तर इल्युमिनाच्या चुका कमी असतात आणि बहुतेक विखुरलेल्या. एका जागेवरून तीस-चाळीस रीड गेले की त्या बऱ्याचशा धुऊन निघतात.

नॅनोपोअरचं दुखणं वेगळं. आर १०.४.१ पोअर (डीएनए ज्यातून सरकतो ते छिद्र) आणि नवी बेसकॉलिंग मॉडेलं (सिग्नलवरून बेस ओळखणारी) आल्यापासून एकेकटे रीडही क्यू२० च्या आसपास पोचतात, ही मोठीच प्रगती. पण एकच बेस सात-आठ वेळा लागोपाठ आला की मोजणी चुकू शकते, आणि जिवाणूने स्वतःच्या डीएनएवर लावलेले मिथाइल गटही काही ठरावीक जागी गोंधळ घालतात. अशी चूक बहुतेक रीडमध्ये त्याच जागी होते, त्यामुळे शंभरपट वाचूनही जात नाही. एक बेस गळला की पुढची सगळी तीन-तीन बेसची चौकट सरकते आणि धडधाकट जीन मोडलेला दिसतो. मीठ सोसण्याच्या जीनांवर प्रबंध लिहिणाऱ्याला हे परवडणारं नाही.

मग लाँग रीड घ्यायचेच कशाला? कारण १५० बेसच्या रीडला पुनरावृत्ती ओलांडता येत नाही. जिवाणूचा आरआरएनए ऑपेरॉन (रायबोसोमचे आरएनए घडवणाऱ्या जीनांचा गट) सुमारे ५,००० बेसचा आणि त्याच्या अनेक प्रती. तिथे जोडणी तुटते आणि जीनोम कित्येक तुकड्यांत हाती येतो. प्रतिजैविकाला दाद न देणारा जीन प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) आहे की गुणसूत्रावर, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. लाँग रीडमध्ये तो बहुतेकदा एका फटक्यात सुटतो.

यंत्राच्याही आधी नमुना बघा. खारफुटीखालच्या चिखलातून थेट काढलेला डीएनए अनेकदा तपकिरी येतो, तो कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातल्या ह्युमिक आम्लांमुळे. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला यावरून शुद्धता दाखवणाऱ्या यंत्रावर) २६०/२८० चं गुणोत्तर १.८ दिसलं म्हणून खूश होऊ नका, २६०/२३० बघा. ते २ च्या बरंच खाली असेल तर पुन्हा शुद्ध करा. प्रमाण क्यूबिटवरच (डीएनएला चिकटणाऱ्या रंगावर चालणाऱ्या यंत्रावर) मोजा. नॅनोपोअरला डीएनए शुद्ध हवा आणि लांबही हवा, आणि मातीसाठीच्या मणी घालून घुसळायच्या किटने तो तुटतो. इल्युमिना तुटलेल्या डीएनएवर नाराज होत नाही.

नॅनोपोअरचं मिनआयन हे यंत्र टेबलावर मावतं, नमुना कुरियरने बाहेर धाडावा लागत नाही. मात्र फ्लो सेल (पोअर असलेला, यंत्रात बसवायचा भाग) आल्यावर आधी पोअर मोजा. ८०० पेक्षा कमी चालू असतील तर बदलून मागता येतो. आणि पावसाळ्यात गोव्यात वीज कशी जाते ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा यूपीएसशिवाय रन लावू नका.

माझा कौल असा. एका जिवाणूची नुसती ओळख हवी तर १६एसचं (ओळखीसाठी वापरतात त्या आरआरएनए जीनचं) सँगर पुरे. चोडणपासून कुंभारजुव्यापर्यंत पुष्कळ नमुन्यांतल्या जिवाणूंची तुलना करायची तर त्याच १६एसचा तुकडा इल्युमिनावर. फास्टक्यूसी या दर्जा तपासणाऱ्या प्रोग्रॅमने अशा डेटात बेसच्या प्रमाणावर लाल फुली मारली तर घाबरू नका, सगळे रीड एकाच प्रायमरपासून सुरू होत असल्याने तसं होणारच. एका जिवाणूचा पूर्ण जीनोम हवा तर नॅनोपोअर, आणि पैसे असतील तर चुका दुरुस्त करायला थोडे शॉर्ट रीड. पॅकबायो कंपनीच्या यंत्राचे हायफाय रीड लांबही असतात आणि अचूकही. खर्च झेपला तर उत्तमच. रुग्णाचा नमुना असेल तर हा आढावा बाजूला ठेवा आणि त्या तपासणीसाठी एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असलेली लॅब शोधा.

यातलं काहीही निवडलंत तरी नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेला एक कंट्रोल शेवटपर्यंत न्या, कारण किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. मातीच्या कामात ठरावीक जिवाणूंचं तयार मिश्रणही एका नळीत चालवा. आठ जिवाणू आणि दोन यीस्टचं बाजारात मिळतं. नॅनोपोअरवर बेसकॉलिंग कुठल्या मॉडेलने केलं ते लिहून ठेवा आणि मूळ सिग्नलच्या फायली पुसू नका, नवं मॉडेल आलं की तोच सिग्नल पुन्हा वाचता येतो. मातीतून थेट जीनोम जोडणार असाल तर २०१७ चा मिमॅग मापदंड धरा: उच्च दर्जासाठी ९० टक्क्यांहून अधिक पूर्णता, ५ टक्क्यांहून कमी भेसळ, तिन्ही आरआरएनए जीन आणि किमान १८ टीआरएनए. डेटा सार्वजनिक संग्रहात जमा करताना जागा, तारीख, खोली, क्षारता हेही विचारतात. ही क्षारता मानशीजवळ (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) उभं राहून, माती उचलतानाच मोजायची, आणि भरती होती की ओहोटी तेही तिथेच लिहायचं. नंतर कुठल्याही यंत्रातून ते काढता येत नाही.