परभणी स्टेशन रोडला पीसी रिपेअर, फॉरमॅट न मारता रजिस्ट्री नीट करून दिली

ऐन लग्नसराईत आमचा विंडोज सेवनवाला जुना पीसी बसला. सेलूत आमचं डीटीपीचं काम आहे, पत्रिकांचे सगळे जुने मराठी फॉन्ट अन् डिझाईन त्याच्यातच, ते सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर धड चालत नाही म्हणून तो इतका जपून ठेवलेला. लाईट गेली, युपीएसची बॅटरी आधीच उतरलेली, परत चालू केला तर काळ्या स्क्रीनवर मेसेज, सिस्टम रजिस्ट्री फाईल मिसिंग ऑर करप्ट, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग ज्यात असतात ती रजिस्ट्रीची फाईल गायब नाहीतर खराब.

गावात एकाला दाखवला तर त्याने डबा उघडायच्या आधीच फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल म्हणून सांगितलं. माझं तर पोटात गोळाच आला, तेरा पत्रिका छापायच्या बाकी होत्या. मग डबा उचलला, रेल्वेने परभणी गाठली.

इथल्या पोराने पहिले हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली अन् सगळा डाटा कॉपी करून घेतला, चेकडिस्क मारून डिस्क ठीक आहे का ते बघितलं, मगच विंडोजची डीव्हीडी टाकून रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाईप करायची काळी खिडकी, उघडली. तिथं आपला सी ड्राइव्ह डी म्हणून दिसत होता, मी घाबरले तर म्हणला ताई, असंच दिसतं इथं, काही गेलं नाही. विंडोज सेवन साधारण दर १० दिवसांनी रजिस्ट्रीची कॉपी रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं म्हणे. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, बघा, तारीख आठ दिवसांपूर्वीची अन् साईज शून्य नाही, म्हणजे कामाची आहे. खराब सिस्टम फाईल डिलीट नाही केली, नाव बदलून बाजूला ठेवली अन् ही तिच्या जागी टाकली. रिस्टार्ट केला अन् माझा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर!! आठवड्यात नवीन टाकलेला प्रिंटर तेवढा परत इन्स्टॉल करावा लागला.

रजिस्ट्री क्लीनर का काय असतं ते टाकू का विचारलं तर स्पष्ट नको म्हणला, त्यानेच उलट बिघडतं. विंडोज टेनवाल्यांनी लक्षात ठेवा, १८०३ व्हर्जनपासून ही कॉपी आपोआप होत नाही, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला नेता येतं ती सोय, चालू करून ठेवा.

सहाशे रुपये घेतले, युपीएसला १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बसवली त्याचे वेगळे. शनिवारी जाऊ नका, लै गर्दी असते, मला नंबर लागायलाच दोन तास बसावं लागलं.